सातबाऱ्यावरचं ऊन



या अंकाचा विषय ठरवायला बसलो तेव्हा संपादक मंडळात चांगलीच खडाजंगी झाली. सौर पंप, गोबरगॅस, छपरावरची पॅनेलं हे सगळं शेतीच्या किंवा विज्ञानाच्या मासिकात शोभेल. आपल्याकडे पोटगीचे, मारहाणीचे, टाकून दिलेल्या बायकांचे प्रश्न ढिगाने पडलेत, तेव्हा हे नवं खूळ कशाला, असं आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीचं म्हणणं होतं. मी तिच्याशी फार वाद घातला नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. समाजकार्याची पदवी घेताना ‘अपारंपरिक ऊर्जा’ हे प्रकरण मी परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरून गेले होते. मी त्या बैठकीत फक्त एका बाईची हकीकत सांगितली. मग विषय ठरला.

मराठवाड्यातल्या ज्या तालुक्यात मी एकल बायकांबरोबर काम करते तिथली ही बाई. तिला आपण आक्का म्हणू. नवरा वारून अकरा वर्षं झाली. सासऱ्याच्या जमिनीतली दीड एकर ती कसते, कापूस आणि घरापुरती ज्वारी. सासऱ्यानं खणलेली एक विहीर आहे, तिच्यात आक्काचा आणि दिराचा निम्मा निम्मा हिस्सा, पण त्या विहिरीवर विजेची जोडणी कधी झालीच नाही. जुनं डिझेल इंजिन होतं ते मोडलं. दिरानं आपल्या वाट्यात बोअर घेतली, त्याचं भागलं. आक्का शेजारच्या शेतकऱ्याकडून पाणी विकत घेते. शेतीच्या विजेची पाळी काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. दिवसाची वीज शेजारी स्वतःच्या उसाला वापरतो. आक्काच्या वाट्याला येते ती रात्र. रात्री बारा-एकला उठायचं, चौदा वर्षांच्या मुलीला बरोबर घ्यायचं (घरी एकटी कशी ठेवायची?), एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. दारं मोडत मोडत पहाट होते. पायाखाली काय आलं ते पाय टाकल्यावरच कळतं. विंचवाची भीती आहेच, पण आक्का म्हणाली, “विंचू परवडला ताई, बांधावरून शिट्टी घालनारं न्हाई परवडत.”

आता सांगा, दिवसा चालणारा पंप हा बायकांचा प्रश्न आहे की नाही?

आक्काला सौर पंपाची माहिती आमच्याच शिबिरात मिळाली. मी मोठ्या उत्साहानं ते शिबिर घेतलं होतं. केंद्र सरकारची कुसुम योजना 2019 मध्ये सुरू झाली. मूळ आखणीत केंद्राचे 30 टक्के, राज्याचे 30 टक्के आणि उरलेले 40 टक्के शेतकऱ्याचे असा हिशेब होता. महाराष्ट्रानं आपला वाटा वाढवला आणि 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आणली. तिच्यात शेतकऱ्यानं फक्त 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत 5 चा, त्यापुढे साडेसातचा. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराच्या गळ्यात. अशी योजना कागदावर वाचली की आनंद होतो, आणि तो खोटा नाही. लहान शेतकऱ्याला पुढची वीस-पंचवीस वर्षं ऊन पुरवील इतकी वीज सरकार जवळजवळ फुकट देऊ करतं, ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांना पंप मिळाले त्यांची रात्रपाळी सुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिबिराला 28 बायका आल्या. अर्ज भरता आले तिघींचे.

बाकीच्या कुठं अडल्या? अर्जाला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद लागते. जमीन किंवा विहीर सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं ना हरकत पत्र लागतं, मुद्रांकाच्या कागदावर. ऐकायला किती सरळ! आता हे आक्काला लावून पाहा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारस नोंद झाली तेव्हा तिचं नाव मालकांच्या रकान्यात न चढता ‘इतर हक्क’ या रकान्यात गेलं. असं का केलं, याचं उत्तर त्या वेळच्या तलाठ्यालाच ठाऊक. हे काही एकट्या आक्काचं नाही. बहिणी, विधवा सुना, म्हाताऱ्या आया यांची नावं त्या रकान्यात अशी दाटीवाटीनं बसलेली मी कितीतरी उताऱ्यांवर पाहिली आहेत, ओसरीवर पंगत आणि बायका मागच्या दारी, तसं. कायदा काय म्हणतो? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीची. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, देशानं तो 2005 मध्ये दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातला उरलासुरला संशयही मिटवला. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती सुमारे 14 टक्केच भरली. शेतातली निंदणी-खुरपणी-वेचणी कोण करतं, हे ज्यानं एकदाही बांधावर उभं राहून पाहिलंय त्याला हा आकडा हसवील तरी नाहीतर रडवील तरी.

आक्का ना हरकतीसाठी दिराकडे गेली. दीर काही वाईट वागला नाही, चहा पाजला. मग म्हणाला, सही देतो, पण आधी तू हक्कसोड पत्रावर कर. पंप तुझा, पाणी तुझं, तू जिवंत आहेस तोवर कसून खा. फक्त जमिनीवरचा हक्क सोड. आक्का हे मला सांगत होती तेव्हा तिची मुलगी शेजारी बसून दप्तराची बंदं शिवत होती. “माझा हक्क सोडीन एक डाव, ताई,” आक्का म्हणाली, “पर हिचा कसा सोडू?” तिनं अंगठा दिला नाही. पंपही आला नाही.

म्हणजे सरकारनं लाखांची मदत देऊ केली आणि ती मदत दिराच्या हातातलं हत्यार झाली. योजना नव्हती तोवर ह्या सहीला किंमत नव्हती. दीड एकर आक्का कसत होती, कोणी विचारत नव्हतं. योजना आली, सहीला भाव आला.

दुसरी एक मावशी आहे, शेजारच्या गावची. तिची कथा याच्या नेमकी उलटी. तिच्याही घरी विहीर सामाईक. डिझेल इंजिनवर दोघांच्या पाळ्या चालायच्या, तीन दिवस पुतण्याचे, तीन दिवस मावशीचे. पुतण्यानं सौर पंपासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. सामाईक विहीर म्हणजे मावशीची ना हरकत हवी होती ना? कोणी मागितलीच नाही. मावशीचं नाव ‘इतर हक्क’मध्ये, म्हणजे हिस्सेदार म्हणून ती कुणाला दिसलीच नाही. पंप बसला, फोटो निघाला, इंजिन भंगारात विकलं गेलं. आता पंप दिवसभर पुतण्याच्या शेतात पाणी ओततो. “माझं झालं की तू घे,” असं तो म्हणतो, आणि त्याचं होतं संध्याकाळी. मावशी हसून मला म्हणाली, “दिवस बुडाल्यावर माझी पाळी. आता चांदन्यावर चालनारा पंप काढा म्हनावं सरकारला.” ती हसली, मला हसू आलं नाही. तिच्याकडे पूर्वी तीन दिवस पाणी होतं. सरकारी मदत येण्याआधी होतं, ती आल्यावर गेलं.

एकच नियम, ना हरकतीचा. बाईनं अर्ज केला की तो आडवा येतो, आणि पुरुषानं केला की बाईपुरता तो नाहीसा होतो. हा अपघात नाही. सातबाऱ्याला डोळे आहेत असं धरून चाललं की तो ज्यांना पाहत नाही त्या दिसत नाहीत.

याबद्दल मी एका अधिकाऱ्याशी बोलले. माणूस समंजस होता. तो म्हणाला, बाई, वादातल्या विहिरीवर लाखांचा पंप बसवला आणि उद्या दुसऱ्या हिस्सेदारानं तो उखडून टाकला तर जबाबदार कोण? हा मुद्दा मला खोटा वाटत नाही. भाऊबंदकीत पाइप कापलेले, पॅनेलवर दगड घातलेले प्रकार होतात. पण वादाचा सगळा भार ज्या बाईजवळ कागद नाही तिनंच का उचलायचा? तिची वारस नोंद झालेली आहे, गाव तिला कसताना पाहतं आहे, तर बाकीच्या हिस्सेदारांना रीतसर नोटीस द्या, मुदत द्या, हरकत घ्यायची असेल तर त्यांनी कारण दाखवून घ्यावी. सही न करणं एवढंच ज्याचं कारण आहे त्याच्या गप्प बसण्याला नकाराधिकार कशाला? आणि ज्या सामाईक विहिरीवर 90 टक्के सार्वजनिक पैशाचा पंप बसणार आहे तिथं प्रत्येक हिस्सेदाराची, ‘इतर हक्क’मधल्या बाईचीसुद्धा, दिवसाउजेडीची पाळी लिहून घेतल्याशिवाय पंप देऊ नये. पाळी ही काही नवी कल्पना नाही. आपल्या गावांनी मोटेच्या काळापासून पाण्याच्या पाळ्या पाळल्या आहेत. ती करारात एक ओळ म्हणून आली पाहिजे, इतकंच.

(जाता जाता एक. ऊन फुकट असलं तरी विहिरीतलं पाणी फुकट नाही. दिवसभर बिलाशिवाय चालणारा पंप विहीर कशी कोरडी करतो हे मावशीच्या गावात दिसू लागलंय. पाळी लिहून घेतली तर निदान उपसा किती होतो हे कुणाला तरी कळेल.)

विधवांचं निदान कायद्यात तरी नाव आहे. परित्यक्तांचं काय? नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या जमिनीत बायकोचा मालकी हक्क नाही, पोटगीचा आहे. त्या 28 जणींपैकी नऊजणी टाकून दिलेल्या होत्या. माहेरी भावाच्या जमिनीत तुकडा कसणाऱ्या, किंवा कुणाचं तरी रान बटईनं करणाऱ्या. अश्वशक्ती एकरांवर ठरते, आणि एकर नसलेल्या बाईसाठी शून्य अश्वशक्ती.

घरावरच्या विजेचीही तीच गत. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेत एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान ठरलं. अट अशी की छप्पर स्वतःचं हवं, वीजबिल स्वतःच्या नावाचं हवं. सासऱ्याच्या नावाचं बिल, पत्र्याचं छप्पर, भाड्याची खोली यांना ही योजना ओलांडून पुढे जाते. ती मुळातच ज्यांच्याकडे काहीतरी आहे त्यांच्यासाठी आहे. याबद्दल निदान प्रामाणिकपणे बोलावं.

आपली आठवण जरा मागे नेऊ. छोट्या ऊर्जेला सरकारी मदत ही काही आजची गोष्ट नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र आपल्यापैकी कित्येकींच्या माहेरच्या परड्यात होते. बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम 1981-82 मध्ये सुरू झाला आणि नावं, अटी बदलत चालत राहिला. 2022 च्या नव्या जैवऊर्जा कार्यक्रमातही 2 ते 4 घनमीटरच्या घरगुती संयंत्राला 14,350 रुपये अनुदान ठेवलं गेलं. गोबरगॅस मला आवडतो. धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, मळीचं खत शेणखतापेक्षा बरं. पण हिशेब पूर्ण मांडावा. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं आणि तितकंच पाणी. म्हणजे चार-पाच जनावरं, आणि तीन-चार हंडे पाणी. शेण कोण गोळा करतं, कोण कालवतं, हंडे कोण आणतं? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते जास्तीचे हंडे कुणाच्या डोक्यावर येतात? अनुदानाच्या कागदावर लाभार्थी म्हणून घरच्या कर्त्याचं नाव असतं, आणि संयंत्र बंद पडलं की ‘बायकांनी नीट वापरलं नाही’ असा शेरा येतो. आमच्या भागातल्या बंद टाक्यांत आज कोंबड्या डालतात. एक वेल्डर आणि एक गवंडी गावात शिकवून ठेवला असता तर निम्म्या चालू राहिल्या असत्या, असं गावातल्या बायकाच सांगतात.

निर्धूर चुलींचीही कहाणी अशीच. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तीन कोटींवर चुली बसवल्याची नोंद झाली, 2002 मध्ये तो गुंडाळला गेला. उद्दिष्ट होतं चुलींच्या संख्येचं, आणि संख्या पुरी झाली. त्या चुलीवर भाकरी फुगते का, मोठं भांडं बसतं का, धुराडं कोण साफ करणार, हे विचारायला अंदाजपत्रकात कलम नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून टोचते. 2016 च्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी फक्त घरातल्या सज्ञान बाईच्याच नावावर द्यायची असं सरकारनं ठरवलं, आणि ते झालं. सातबारा लागला नाही, दिराची सही लागली नाही. ग्रामीण घरकुलातही बाईचं नाव एकटं किंवा जोडीनं घालायचं धोरण आहे. म्हणजे मनात आणलं तर बाईचं नाव कागदावर येतं. मग पंपावर का येत नाही? मला वाटतं, सिलिंडर स्वयंपाकघरात जातो म्हणून. तिथं बाईची मालकी कुणाला खुपत नाही. पंपातून पीक येतं, पिकातून पैसा येतो आणि पैशातून हक्क मागायची हिंमत येते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत अनेक पुरुषांनी आपल्या जमिनीचा तुकडा आपण होऊन बायकोच्या नावावर केला होता. आपल्यापैकी काहींनी तेव्हा त्यावर टीकाही केली होती, मेहेरबानी कशाला, हक्क द्या म्हणून. आज त्या तुकड्यांच्या मालकिणींना पंपाचा अर्ज बिनदिक्कत भरता येतो, हे मान्य करायला हवं.

आणि जिथं जमीन कुणाच्याच नावाची नाही, तिथं? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये निघाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. कल्पना उत्तम, आक्कासारखीचं भलं कदाचित हिच्यातूनच लवकर होईल, कारण वाहिनीला सातबारा विचारावा लागत नाही. पण प्रकल्पाला जागा हवी. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. सरकारी जमीन बऱ्याचदा म्हणजे गायरान. मराठवाड्यात गायरान म्हणजे काय ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या लढ्यापासून दलित कुटुंबांनी गायरानं कसली आहेत. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमानुकूल करायचा निर्णय 1991 मध्ये झाला. तरी असंख्य बायका अजून पट्ट्याची वाट पाहत आहेत. तिथंच सरपण, तिथंच शेळ्या. तिथं पॅनेलं उभी राहिली की कुंपण येतं, भाडं या बायकांना मिळत नाही, कारण त्या ‘अतिक्रमक’. सूर्याची वीज स्वच्छ असते म्हणून तिच्याखालची जमीन घेण्याची रीतही आपोआप स्वच्छ होत नाही. गायरान द्यायचं तर आधी महिला ग्रामसभा घ्या, कोण कसतं ते लिहा, आणि कसणारीला भाड्यात वाटा द्या.

बायकांना यातलं तंत्र झेपत नाही, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना वर्धा जिल्ह्यातल्या कवठ्याला पाठवावं, तिथं बायकांच्या सहकारी संस्थेनं सौर पॅनेलं बनवायचा कारखाना काढला. राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायकांनी मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं 2017 मध्ये तसाच कारखाना उभा केला. मग पंपाच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीचं काम पुरवठादारानं तालुक्यातल्या शिकलेल्या मुलींना द्यावं, अशी अट निविदेत घालायला काय हरकत आहे? आज पंप बंद पडला तर तक्रार मोबाईलवर नोंदवायची. मोबाईल मुलाकडे, मुलगा पुण्याला.

आक्काच्या बाबतीत आम्ही दोन अर्ज केले आहेत. एक, तिचं नाव ‘इतर हक्क’मधून काढून मालकांच्या रकान्यात घ्यावं म्हणून. दुसरा, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपासाठी. तारखा पडत आहेत. दिरानं बोलणं टाकलंय, जावेनं दळण आणून देणं थांबवलंय. मावशीच्या विहिरीच्या पाळीसाठी ग्रामसभेत विषय मांडला होता, कोरम नव्हता.

तुम्हां सगळ्यांना एक विनंती आहे. तुमच्या गावात ज्या सामाईक विहिरींवर सौर पंप बसले आहेत, त्यांतल्या एकीचा तरी सातबारा काढा. ‘इतर हक्क’च्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहा, आणि त्या बाईला जाऊन विचारा की सही कुणी मागितली होती का आणि आता पाणी कितीला येतं. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहून पाठवा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. पुढच्या अंकाच्या आधी हे सगळं घेऊन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना भेटणार आहोत. आक्का म्हणाली आहे, तीही येईल, मात्र भेट सकाळची ठेवा. रात्री पाण्याची पाळी आहे.